सकाळी वाचलेलं शुभवर्तमान भाईंदरच्या खाडीपलीकडे टिकत नाही, तुम्ही काय करता?

सकाळची_लोकल (गास, वसई) | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, गेली सहा वर्षं मी रोज सकाळी गाडीत त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला त्या दिवसासाठी ठरलेला उतारा, वाचतो. नालासोपाऱ्याला चढायचं, जागा मिळाली तर बसून, नाही तर दांडीला धरून. नायगाव सोडेपर्यंत वाचन होतं. खाडीच्या पुलावर डोळे मिटून दोन-तीन मिनिटं चिंतन. मीरा रोडला गर्दी आत शिरली की संपलं. मग दिवसभर मी काय वाचलं होतं ते आठवतही नाही.

आज मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होती. मी हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. चाकराचं देणं दहा हजार तलांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे धरले तरी दोन लाख वर्षं! राजा ते सगळं सोडतो आणि हा बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. पुलावर हे मला इतकं लख्ख दिसलं की डोळ्यांत पाणी आलं.

अकरा वाजता मी ऑफिसात आमच्या हाताखालच्या मुलावर चारचौघांत ओरडलो. त्याने विक्रीची एक नोंद दोनदा चढवली होती. सोमवारी रात्री साडेआठपर्यंत ताळा जुळत नव्हता, ती चूक त्याची निघाली. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी परतीच्या गाडीत सहज फोन उघडला तर सकाळचं वाचन तसंच समोर उघडं होतं.

सकाळचा शब्द दुपारपर्यंत तुम्ही कसा टिकवता? ज्यांना जमतं त्यांनी सांगा. एका क्षुल्लक चुकीसाठी मी आज त्या पोराचा दिवस घालवला, ते मनातून जात नाही.

निर्मळची_पानवेल | मंगळवार, रात्री ११:०५

रोज नवं वाचन कशाला घेता? मी रविवारचंच शुभवर्तमान आठवडाभर वाचतो. वाडीत आम्ही वेलीचं बेणं रोज लावत नाही, एकदा लावतो. पाणी मात्र रोज. तुम्ही रोज नवं बेणं लावता आणि पाणी कशालाच घालत नाही, असं मला वाटतं.

उत्तनची_पोर | मंगळवार, रात्री ११:२०

थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका काका. वाचणारे आणि जगणारे यांचा काही संबंध नसतो असं मला लहानपणापासून दिसत आलंय. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिला फक्त रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, यायची. पण सुकवायला टाकलेल्या बोंबलांतले पहिले शेजारच्या विधवा बाईच्या घरी जायचे, मग आमच्या. तिने कधी चिंतन केलं नाही. उलट पहाटे पाच वाजता पन्नास जणांना वाचन फॉरवर्ड करणारे आमच्या नात्यातले एक गृहस्थ सख्ख्या भावाशी बारा वर्षं बोलत नाहीत.

रात्रपाळी (वेंगुर्ला, सध्या गोवा) | बुधवार, पहाटे ४:१०

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून लिहिते. मी नर्स. माझा दिवस रात्री सुरू होतो, त्यामुळे ड्युटीवर जाण्यापूर्वीच वाचन करते. पूर्वी माझंही तसंच व्हायचं, पहिली बेल वाजली की विसरायला.

मग एक सवय लावून घेतली. वाचनातले एक-दोन शब्द मायक्रोपोरच्या (ड्रेसिंगच्या चिकटपट्टीच्या) पट्टीवर पेनाने लिहायचे आणि ती पट्टी घड्याळाच्या पट्ट्याला आतून चिकटवायची. नाडी मोजताना मनगट उलटं होतं, की दिसते. रात्रीत तीस-चाळीस वेळा दिसते.

एकदा मार्कच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय होता. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? तो आंधळा आहे हे दिसत असताना विचारतो. मी पट्टीवर लिहिलं, 'काय हवं?' त्या रात्री मालवणकडचे एक आजोबा सारखी बेल दाबत होते. पाणी द्या. उशी नीट करा. पाणी द्या. सहाव्या वेळी मी रागानेच निघाले होते. ग्लास उचलला आणि पट्टी दिसली. ग्लास ठेवला, स्टूल ओढलं, म्हटलं, "बाबा, तुमका खरा काय व्हया?" ते म्हणाले, "सकाळी ऑपरेशन आसा. माका भियां वाटता." पाच मिनिटं हात धरून बसले. नंतर सकाळपर्यंत बेल वाजली नाही.

पट्टी नसती तर मी त्यांना पुन्हा पाणीच दिलं असतं.

सकाळची_लोकल | बुधवार, सकाळी ६:२५

गाडीत वाचतोय. ताई, काय लिहिलंत! पट्टीचं आजच करून बघतो.

मालवणी_गाबीत | बुधवार, सकाळी ९:००

विषय थोडा वेगळा आहे, पण कालच्याच वाचनाबद्दल आहे म्हणून विचारतो. पहिलं वाचन दानीएल ३:२५ आणि ३४ ते ४३ दिलं होतं. माझ्याकडच्या मराठी बायबलमध्ये तिसऱ्या अध्यायात तीसच वचनं आहेत. पंचविसावं वचन काढलं तर ते भलतंच! छपाईची चूक आहे का?

भगिनी_रेवदंडा | बुधवार, दुपारी १:३०

चूक नाही. तुमच्याकडचं बायबल प्रॉटेस्टंट परंपरेचं असणार. त्यात ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबित, युदिथ, प्रज्ञा, बेनसिरा, बारुख आणि मक्काबीची दोन. शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत काही जास्तीचे भाग आहेत. हे भाग जुन्या ग्रीक बायबलातून आपल्याकडे आले. भट्टीत टाकलेल्या तिघांपैकी अजऱ्याची प्रार्थना त्यातलीच. "आमच्याकडे अर्पण नाही, होमबली नाही, फक्त भग्न हृदय आहे," अशा आशयाची ती प्रार्थना आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या या दिवसांत, ती चुकवू नका.

आता मूळ प्रश्नाकडे. पानवेलवाले दादा, तुमचं बेण्याचं उदाहरण मला फार आवडलं, पण अर्धंच पटलं. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासूनच्या आठवड्यांत). फक्त रविवार धरला तर बराच भाग कानावर पडतच नाही. रोजच्या मिस्सेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) शुभवर्तमान मात्र दरवर्षी त्याच क्रमाने येतं, म्हणजे निर्दय चाकर पुढच्या वर्षीही याच मंगळवारी भेटणार आहे. पूर्वी लॅटिनमध्ये वर्षभराचा एकच छोटा क्रम असायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये बायबलचं भांडार लोकांसाठी अधिक उघडायला सांगितलं, आणि १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात सर्व भाविकांना शास्त्रवाचनाचा आग्रह केला. आपल्या आजी-आजोबांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालंय, ते सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि लोकलवाले दादा, तुमची खरी अडचण वाचनात नाही, पुढे आहे. वाचन, मनन, प्रार्थना, मग शांत राहणं या चार पायऱ्या बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवासीयाने लिहून ठेवल्या. तुमच्या त्या पुलावर होतात. पण येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस आपल्या लोकांना दिवसातून दोनदा थांबायला सांगत, दुपारी आणि रात्री. सकाळपासून काय झालं ते प्रभूसमोर बसून बघायचं. तुम्ही बघता ते रात्री, सगळं होऊन गेल्यावर. दुपारचं थांबणं सुरू करा. डबा उघडण्यापूर्वी दोन मिनिटं.

एक गोष्ट मात्र खटकली. तुम्ही 'क्षुल्लक चूक' म्हणता. शंभर दीनार म्हणजे तुमच्याच हिशेबाने शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त पगार. सोबत्याचं देणं खरंच मोठं होतं. येशूने मुद्दाम चार आणे म्हटलं नाही. त्या मुलाने तुमची संध्याकाळ घालवली हे खरं आहे. नुकसान नव्हतंच असं स्वतःला समजावलं तर क्षमा करायला उरतं काय?

सकाळची_लोकल | बुधवार, दुपारी १:५०

सिस्टर, तलांतांचा हिशेब मी केला आणि दीनारांचा केलाच नाही. थँक्यू. आज तो मुलगा रजेवर आहे.

पाचूबंदर | बुधवार, रात्री ९:१५

आम्ही बोटीवर. एकदा दर्यात गेलो की फोनला रेंज नाही. घरवाली निघताना वाचनातली एक ओळ सांगते, ती घेऊन जातो. बस. बोटीवर सात जण असतो, जाळं ओढताना प्रार्थना कोण करणार? पण वर येऊन जाळी शिवत बसलं की तास-दोन तास हात चालतात, डोकं मोकळं असतं. तेव्हा ती ओळ तोंडात घोळवतो. याकोब आणि योहानसुद्धा बोलावणं आलं तेव्हा जाळी नीट करत होते. तुम्हाला गाडीत जमत नसेल तर ज्या कामात हात चालतात आणि डोकं रिकामं असतं ते काम शोधा.

योहानच्या एकविसाव्या अध्यायात मासे मिळाले ते किती? एकशेत्रेपन्न! ज्याने मोजले तो पक्का कोळी. आणि इतके मासे असून जाळं फाटलं नाही, हेही त्यानेच लिहिलं. ज्याला जाळं शिवावं लागतं त्यालाच ते लक्षात येतं.

निर्मळची_पानवेल | बुधवार, रात्री ९:३०

पाचूबंदर दादा, शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासे चालतात, हा नियम आपल्या किनाऱ्याला फारच लाडाचा आहे. आमच्याकडे गुरुवारी कोलंबी आणून ठेवतात आणि शुक्रवारी उपवास म्हणतात!

पाचूबंदर | बुधवार, रात्री ९:४२

तुमचा उपवास आणि आमचं पोट, दोन्ही चालू द्या. आमच्या घरी मात्र शुक्रवारी डाळ-भात आणि क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना. घरात मासळी असताना न खाणं, तो आमचा उपवास.

कोर्लईकर | बुधवार, रात्री ११:००

भाषेबद्दल एक सांगावंसं वाटतं. आमच्या गावात घरात आम्ही 'नौ लिंग' बोलतो, पोर्तुगीजपासून झालेली आमची बोली. मिस्सा मराठीत, शाळा मराठीत. लहानपणी मला शुभवर्तमान म्हणजे शाळेतला धडा वाटायचा. कळायचं सगळं, पण लागायचं नाही. लग्नानंतर आम्ही दोघांनी ठरवलं की रात्री जेवणानंतर मराठीत वाचायचं आणि मग तीच गोष्ट मुलांना आपल्या बोलीत सांगायची. सांगताना चोरी पकडली जाते. जे समजलेलं नसतं ते आपल्या बोलीत सांगताच येत नाही. मुलगा सातवीत आहे. परवा त्याने विचारलं, राजाने आधी माफ केलं, मग परत तुरुंगात का टाकलं? मला उत्तर आलं नाही. दोन दिवस तोच प्रश्न घेऊन फिरतोय.

फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत छापून निघालं. चारशे वर्षांपूर्वी त्यांना कळलं होतं की लोकांच्या तोंडात जी लय आहे तिच्यातच ही गोष्ट बसवली पाहिजे. गाडीत वाचलेलं घरी कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगून बघा.

रत्नागिरीचा_नेमकरी | गुरुवार, सकाळी ७:४५

मी ख्रिस्ती नाही, माळकरी घरातला. पण धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील एसटीत चालक होते. पहाटे हरिपाठातला एक अभंग म्हणून डेपोत जायचे. त्यांचं म्हणणं होतं की नेमाला वेळ लागते तशी जागाही लागते. त्यांनी हातखंब्याचा तिठा धरला होता. गाडी तिथे आली की सकाळचा अभंग मनात एकदा म्हणायचा. दिवसातून चार फेऱ्या असल्या तर चार वेळा. निवृत्त झाल्यावरही कोणाच्या गाडीतून तिठ्यावरून गेले की ओठ हलायचे.

तुमच्या रोजच्या वाटेवर अशी एखादी जागा असेलच.

सकाळची_लोकल | गुरुवार, सकाळी ८:२०

दादा, आहे ना! ऑफिसचा जिना. लिफ्ट कायम भरलेली असते म्हणून चार मजले चढतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी आहे. ती धरतो.

उत्तनची_पोर | गुरुवार, सकाळी ८:५०

सगळं छान चाललंय, पण काका, पट्टी, जिना, दुपारचा डबा यांत त्या मुलाचं काय झालं ते राहूनच गेलं. आणि मला एक विचारायचंय. तुम्ही पहिल्या पोस्टपासून असं लिहिताय की तुम्ही त्याला क्षमा करायला हवी होती. चारचौघांत अपमान तुम्ही केलात. क्षमा तुम्ही मागायला नको का?

भगिनी_रेवदंडा | गुरुवार, सकाळी ९:१०

पोरीचं बरोबर आहे.

पोरी, तुझ्या आजीबद्दलही बोलायचं राहिलं होतं. तिला रोझरी येत होती म्हणजे तिला शुभवर्तमान येत होतं. देवदूताचा निरोप, मरियेची एलिशिबेला भेट, गोठा, बागेतली वेदना, क्रूस, रिकामी कबर. रोझरी म्हणताना मनात आणायच्या या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, पण आधीच्या पंधरांतही बहुतेक सगळं शास्त्रातलंच. वाचता न येणाऱ्यांनी ते मण्यांवर पाठ केलं. आजीने दुसरं आनंदाचं रहस्य म्हटलं, मरिया डोंगराळ भागात एलिशिबेच्या मदतीला निघाली ते, आणि बोंबील घेऊन शेजारी गेली. याला मी चिंतनच म्हणेन.

उत्तनची_पोर | गुरुवार, सकाळी ९:२५

सिस्टर, हे मी आईला वाचून दाखवलं. ती रडतेय.

सकाळची_लोकल | शुक्रवार, रात्री ८:३०

काल पोरीची पोस्ट वाचून तासभर काम सुचलं नाही. खरंच, दाखला वाचताना मी स्वतःला राजाच्या जागी बसवलं होतं. किती मोठं मन करून सोडायचं, याचा हिशेब करत होतो. देणेकरी मी आहे हे डोक्यातच आलं नाही.

काल तो आला होता, पण मला जमलं नाही. दोनदा त्याच्या टेबलापर्यंत गेलो आणि दुसरंच काहीतरी विचारून परत आलो. आज जिन्याच्या खिडकीपाशी थांबलो. आजचं वाचन 'सर्वांत मोठी आज्ञा कोणती'. वर गेलो. मंगळवारी जे चौघे ऐकत होते ते जागेवर येईपर्यंत थांबलो, कारण ओरडलो त्यांच्यासमोर होतो. म्हटलं, "परवा मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. नोंद चुकली होती, ते वेगळं. पण तसं बोलायचा मला हक्क नव्हता. माफ कर."

तो एवढा अवघडला की काय करावं ते त्याला कळेना. "सर, राहू दे ना," म्हणाला. बाकीचे स्क्रीनकडे बघत बसले. पुढे काहीच झालं नाही. दुपारी मात्र तो स्वतःहून वही घेऊन आला. मागच्या महिन्यातली आणखी एक नोंद त्याला शंकेची वाटत होती, पण मंगळवारनंतर विचारायची हिंमत होत नव्हती म्हणाला. ती खरंच चुकली होती. आम्ही दोघांनी बसून सुधारली.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ९:००

पट्टीवर काय लिहिलं होतंत?

सकाळची_लोकल | शुक्रवार, रात्री ९:०४

'देणेकरी'.

निर्मळची_पानवेल | शनिवार, सकाळी ६:५०

आज परुशी आणि जकातदार, लूक १८. मी ठरवलंय, उपवासकाळ संपेपर्यंत रोजचं वाचन करून बघतो. पण पाणी घालण्याचं माझं म्हणणं मागे घेत नाही. कोर्लईकर, मुलाच्या प्रश्नाचं काय झालं?

कोर्लईकर | शनिवार, सकाळी १०:१५

मुलानेच उत्तर काढलं. म्हणतो, पपा, राजाने कर्ज माफ केलं, पण त्या माणसाने ते घेतलंच नाही, तो अजून वसुलीच करत होता. बरोबर की चूक ते सिस्टरना विचारतो म्हटलंय.

भगिनी_रेवदंडा | शनिवार, दुपारी १२:००

त्याला सांगा, पुढच्या वर्षी या मंगळवारी आमच्याकडे येऊन बोल.

पाचूबंदर | शनिवार, संध्याकाळी ७:३०

उद्या मिस्सा झाली की सोमवारी पहाटे बोट निघते, शुक्रवारी परत. घरवाली माहेरी आहे, ओळ सांगायला कोणी नाही. चार दिवसांची वाचनं कोणी टाकेल का?

भगिनी_रेवदंडा | शनिवार, संध्याकाळी ७:४०

सोमवार योहान ४:४३–५४. मंगळवार ५:१–१६. बुधवार ५:१७–३०. गुरुवार ५:३१–४७. मंगळवारी तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस आहे, त्यालाही येशू आधी विचारतो, बरं व्हायचंय का तुला?

पाचूबंदर | शनिवार, संध्याकाळी ७:५५

कागदावर लिहून घेतलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये लावतो.